सिंहस्थाआधीची तालीम
(नानाखेडा, उज्जैन येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ मे २०१६ची दुपार तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. सिंहस्थ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. वादळ उठले, पाऊस कोसळला आणि मेळ्यातले मंडप खाली बसलेल्या माणसांवर आले. सात जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्याआधीची, १५ जुलै १९९६ची सोमवती अमावास्या जुन्या मंडळींच्या लक्षात असेल. त्या एका दिवशी उज्जैन आणि हरिद्वार या दोन्ही तीर्थांवर चेंगराचेंगरी झाली आणि मिळून पन्नासहून अधिक भाविक मरण पावले. आणि २५ मार्च २०२४ तर अगदी अलीकडची. धुळवडीच्या पहाटे भस्म आरतीच्या वेळी महाकालाच्या गाभाऱ्यात गुलालामुळे भडका उडाला, पुजारी आणि सेवक मिळून चौदा जण भाजले. काहींना इंदूरला हलवावे लागले. त्यातला एक सेवक पुढे दगावला.

तिन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. एकदा वारा, एकदा गर्दी, एकदा आग. कारणांचा शोध चौकशी समित्या घेतात, तो त्यांनी घ्यावाच. मी वैद्यकीय शिक्षणातला माणूस आहे, म्हणून मला प्रश्न पडतो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासात जखमींपर्यंत पोचतात ते कोण? मोठे सर्जन नव्हेत. पोचतात ते इंटर्न, नर्सिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली, रुग्णवाहिकेवरचे तरुण, ड्युटीवरची एखादी सिस्टर, मेळ्याच्या दवाखान्यात बसलेला आयुर्वेदाचा पदवीधर. म्हणजे आपलेच विद्यार्थी, किंवा वर्षा-दोन वर्षांपूर्वीपर्यंत जे विद्यार्थी होते ते. त्यांना आपण या अर्ध्या तासासाठी काय शिकवले आहे?

एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कम्युनिटी मेडिसिन या विषयात आपत्ती व्यवस्थापनाचा एक भाग आहे. आपत्ती म्हणजे काय, तिचे चक्र कसे असते, मानवनिर्मित आपत्ती कोणत्या, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची रचना कशी, हे विद्यार्थ्याला सांगता यावे, अशी अपेक्षा आहे. २०२०मध्ये कोविडच्या काळात महासाथीच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही हा विषय आहे. म्हणजे पुस्तकात उणीव नाही. मुले टिपा लिहितात, चक्राची आकृती काढतात, गुण मिळवतात. पण पन्नास जखमी समोर असताना पहिला फोन कोणी करायचा, त्या फोनवर काय बोलायचे, आणि सिस्टर म्हणाली की "डॉक्टर, हा पेशंट आधी घ्या" तर ऐकायचे की नाही, हे टिपेतून शिकता येत नाही. ते केल्यानेच येते, आणि एकट्याने करून येत नाही.

आज मला एवढेच मांडायचे आहे. आपत्तीतले वैद्यकीय काम सांघिक आहे. संघाने ते आधी एकत्र केलेले असले पाहिजे. वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या, वेगवेगळ्या शाखांतल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणून असा सराव देण्याचे सर्वात सोपे, स्वस्त आणि आपल्या हातातले साधन म्हणजे ऑनलाइन सिम्युलेशन. उज्जैनला आणि नाशिकला ते येत्या सिंहस्थांपूर्वी सुरू करता येईल, आणि सुरू केलेच पाहिजे.

ही सांघिक सरावाची कल्पना रुग्णालयात आली ती विमानतळावरून. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. दोन्ही विमाने चांगल्या स्थितीत होती, वैमानिक अनुभवी होते. कॅप्टनने उड्डाणासाठी वेग घेतला तेव्हा दुसरे विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला आली आणि त्याने ती बोलूनही दाखवली. कॅप्टनने ती बाजूला सारली. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. या आणि अशा इतर अपघातांचा अभ्यास झाल्यावर १९७९मध्ये नासाने बोलावलेल्या कार्यशाळेतून एक वेगळे प्रशिक्षण आकाराला आले. त्यात विमान कसे चालवायचे हे शिकवत नाहीत. विमानातल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलायचे, कनिष्ठाने शंका कशी मांडायची, वरिष्ठाने ती कशी ऐकून घ्यायची, कामाची वाटणी कशी करायची, हे खोट्या कॉकपिटमध्ये बसवून शिकवतात. पुढे दशकभराने स्टॅनफर्डमधले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी तीच पद्धत ऑपरेशन थिएटरमध्ये आणली. पुतळ्याला भूल द्यायची, मध्येच त्याचे हृदय बंद पाडायचे आणि संघ काय करतो ते पाहायचे. सिम्युलेशन म्हटले की आपल्याकडे लाखो रुपयांचा पुतळा डोळ्यासमोर येतो. पण त्या पद्धतीचा जीव पुतळ्यात कधीच नव्हता. तो होता संघातल्या बोलण्यात. म्हणूनच ती पुतळ्याशिवाय, फोनवरही चालते.

आता हे ऑनलाइन कसे घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ऐकीव कल्पनेने अनेक प्राचार्य याला नकार देतात.

समजा, दहा विद्यार्थी आहेत. दोन सुरासा येथील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातले, दोघी नर्सिंगच्या, दोघे शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालयातले, एक फार्मसीचा, एक फिजिओथेरपीची, दोघे इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातले. बहुतेक जण एकमेकांना ओळखत नाहीत. झूमसारख्या साध्या सुविधेवर चार स्वतंत्र खोल्या करायच्या. एक खोली म्हणजे मंगलनाथाजवळचे घटनास्थळ. दुसरी नियंत्रण कक्ष. तिसरी उज्जैनमधल्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. चौथी इंदूरचे एम. वाय. रुग्णालय. खोल्यांमध्ये थेट दिसणे-ऐकणे बंद. एका खोलीतून दुसरीत बोलायचे तर फोनच करायचा, तोही ठरलेल्या दोन मिनिटांत, कारण मेळ्याच्या गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. घटनास्थळावरच्या मुलांच्या पडद्यावर चाळीस जखमींची चाळीस कार्डे एकामागून एक येतात. प्रत्येकावर वय, दिसणारी जखम, श्वासाचा वेग, मनगटावरची नाडी लागते की नाही, सांगितलेले समजते की नाही. शिक्षक मागे बसून घड्याळ चालवतो आणि अधूनमधून नवी बातमी सोडतो: दुसऱ्या मंडपाचा खांब कलतो आहे, रुग्णवाहिका चिखलात अडकली, ओ निगेटिव्ह रक्ताच्या दोनच पिशव्या उरल्या, एक आई मूल सापडत नाही म्हणून कॅज्युअल्टीच्या दारात उभी आहे.

यासाठी महागडा चष्मा लागत नाही, त्रिमितीय चित्र लागत नाही. स्वीडनमध्ये लिंशोपिंग येथे विकसित झालेल्या इमर्गो ट्रेन सिस्टिममध्ये पांढऱ्या फळ्यावर चुंबकाने चिकटणाऱ्या रुग्णांच्या आकृत्यांवर रुग्णालयांचे मोठमोठे सराव घेतात. इटलीत नोवारा येथील पिएमोंते ओरिएंताले विद्यापीठाच्या आपत्ती वैद्यकशास्त्र केंद्रात संगणकावरच्या आभासी घटनास्थळी विद्यार्थी उतरतात. दोन्हीकडचे अंतिम काम एकच असते: अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या वेळात, दुसऱ्या माणसाशी बोलून निर्णय घेणे. आगर किंवा शाजापूरच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुलीकडे साधा स्मार्टफोन असला की ती यात भाग घेऊ शकते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सिम्युलेशन लॅब मोठ्या शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात असते. आपत्ती तिथेच येईल असे कोणी ठरवलेले नाही.

पहिल्या दहा मिनिटांत काय होते? जवळजवळ दर वेळी तेच होते. घटनास्थळावरची मुले पहिल्याच कार्डावर अडकतात. रक्त दिसते, मांडीचे हाड मोडलेले दिसते आणि सगळे त्या एका माणसाच्या उपचाराची चर्चा करू लागतात. वैद्यकीय शिक्षणाने त्यांना तेच शिकवले आहे: समोरचा रुग्ण संपूर्ण तपासा, त्याच्यासाठी सर्वोत्तम ते करा. ते बरोबरच आहे. पण चाळीस जण पडलेले असताना तो नियम बदलतो, आणि हा बदल स्वीकारणे चांगल्या विद्यार्थ्याला सर्वात जड जाते.

ट्रायेजची, म्हणजे जखमींच्या उपचाराचा क्रम लावण्याची, कल्पना जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दॉमिनिक लॅरे याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावायला सुरुवात केली. आज सर्वाधिक शिकवली जाणारी सोपी पद्धत 'स्टार्ट' १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या होग रुग्णालयाने आणि न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने मिळून बसवली. आधी मोठ्याने सांगायचे: ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली या. ते हिरवे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे मिनिटभरात जायचे. श्वास नाही? हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करा. सुरू झाला तर लाल, म्हणजे सर्वात तातडीचा; नाही तर काळा, म्हणजे मृत किंवा वाचवण्यापलीकडचा. श्वास मिनिटाला तीसहून अधिक? लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो? लाल. रक्त वाहत असेल तर तेवढे दाबून थांबवा. डोळे उघडा म्हटल्यावर उघडत नाही? लाल. उघडतो? पिवळा. आणि पुढच्याकडे.

वर्गात हे पाच मिनिटांत कळते. सरावात काळा रंग द्यायची वेळ आली की विद्यार्थ्यांची बोटे थांबतात. कार्डावर सात वर्षांची मुलगी असेल तर अधिकच. शिक्षकाने तिथे घाई करू नये. त्या थांबण्याची जागा कार्डासमोर आहे, घाटावर नाही. अशा सरावाला बसण्यापूर्वी मुलांना स्पष्ट सांगावे की दृश्ये कठीण असतील, ज्याच्या घरी अलीकडे मृत्यू झाला असेल त्याने खुशाल बाजूला बसावे, कोणी कारण विचारणार नाही. कोवळ्या मनात काय चालले आहे याची काळजी न घेता दिलेले प्रशिक्षण मी प्रशिक्षण मानत नाही.

दुसरी नेहमीची गोष्ट फोनची. नियंत्रण कक्षाला पहिला फोन येतो: "सर, खूप मोठा अपघात झालाय, लवकर या." कुठे, किती, कसा, काहीच नाही. तीच मुलगी दुसऱ्या सरावात सांगते: वादळाने मंडप पडला, मंगलनाथ मार्गावर अमुक पार्किंगच्या मागे, दुसरा मंडप कलला आहे, तिकडून येऊ नका, पूर्वेच्या रस्त्याने या, अंदाजे चाळीस, त्यातले दहा गंभीर, तीन रुग्णवाहिका, अग्निशमन आणि विजेचा प्रवाह बंद करणारे हवेत. एवढे बोलायला वीस सेकंद पुरतात. या वीस सेकंदांवर पुढचा तास उभा राहतो.

तिसरी गोष्ट रुग्णालयाच्या दारातली. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी अकरा मिनिटांत उपनगरी गाड्यांमध्ये सात स्फोट झाले, दोनशेहून अधिक लोक गेले. रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी आणि प्रवाशांनी जखमींना चादरीत उचलून, मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयांत नेले. त्या माणसांचे उपकार मुंबई विसरणार नाही. पण वैद्यकीय शिक्षकाने त्यातून हेही शिकले पाहिजे की भारतात बहुतेक जखमी रंगाचे टॅग लावून रुग्णवाहिकेतून येत नाहीत. ते रिक्षातून, टेम्पोतून, दुचाकीवर मध्ये बसवून येतात, आणि जवळच्याच दाराशी येतात. तेव्हा ट्रायेज घटनास्थळावर झाले असेल असे धरून चालणारा सराव आपल्या कामाचा नाही. कॅज्युअल्टीच्या दारात पुन्हा ट्रायेज व्हायला हवे. सरावात घडते असे की घटनास्थळावरची मुले सगळ्यांना जवळच्या रुग्णालयात पाठवतात, तिथे अर्ध्या तासात खाटा संपतात आणि पंचावन्न किलोमीटरवर इंदूरच्या खोलीतले दोघे मोकळ्या खाटा घेऊन वाट पाहत बसतात. कोणी त्यांना फोनच केलेला नसतो. परदेशी आराखडा भाषांतरित करून हे दिसणार नाही. आपली वाहने, आपले रस्ते, आपली गर्दी घालूनच प्रसंग लिहावा लागेल.

भोपाळचे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला देतो. मध्य प्रदेशात राहून ते न देणे मला अपराध वाटेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हमिदिया रुग्णालयात हजारो माणसे आली. डोळे जळत होते, श्वास कोंडत होता. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि इंटर्न त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस राबले. डॉक्टरांना एकच प्रश्न होता: वायू कोणता? कारखान्याकडून मिळालेले उत्तर धोका कमी करून सांगणारे होते. रस्त्यावर लोक वाऱ्याच्या दिशेने पळत होते, म्हणजे वायूबरोबरच. ओले फडके तोंडावर धरा एवढी सूचना वेळेवर पोचली असती तर कितीतरी माणसे वाचली असती. या रात्रीवरून मी एक छोटा सराव घेतो. संघाला रुग्णांची लक्षणे देतो, वाऱ्याची दिशा देतो, वायूचे नाव देत नाही. विचारले तरी देत नाही. मग पाहतो, नाव कळेपर्यंत ते थांबतात का, की लक्षणांवरून उपचार सुरू करतात. बाहेरच्या लोकांना काय सांगावे हे कोणाला सुचते का. बहुधा ते फार्मसीच्या किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्याला आधी सुचते. एमबीबीएसची मुले निदानाच्या मागे लागलेली असतात.

आणि इथे मी सर्वात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा काढला. दोन किंवा अधिक शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावे, हा त्याचा गाभा. आपल्याकडे ते होत नाही. डॉक्टर होणारी आणि सिस्टर होणारी मुले एकाच आवारात वावरतात, पण एकाच बाकावर बसत नाहीत. त्यांची पहिली भेट ड्युटीवर होते, आणि त्या भेटीत एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने पाळायचा, एवढेच नाते तयार होते. ९ जानेवारी २०२१ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. अशा रात्री कक्षात असतात त्या सिस्टर. धूर प्रथम त्यांना दिसतो. निर्णयही त्यांनाच घ्यावा लागतो. तरीही आपत्तीचे नेतृत्व हा विषय नर्सिंगच्या विद्यार्थिनीला कोणी शिकवला आहे का? म्हणून माझ्या सरावांत प्रमुखाची भूमिका आलटून पालटून दिली जाते, आणि पहिल्या फेरीत ती नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे असते. सुरुवातीला ती "सर, काय करू?" असे एमबीबीएसच्या मुलाला विचारते. तिसऱ्या फेरीपर्यंत ती "तू पश्चिमेचे वीस जण बघ, मला पाच मिनिटांत आकडा दे" असे सांगते. तो मुलगा निमूट ऐकतो आणि आकडा आणून देतो. टेनेरिफच्या त्या इंजिनिअरला असा सराव मिळाला असता तर, असा विचार माझ्या मनात येतोच.

सराव चाळीस मिनिटांचा असेल तर त्यानंतरची उजळणी निदान तेवढ्याच वेळेची, खरे तर अधिक वेळेची हवी. शिकणे तिथे होते. नियम साधा: कोणी चुकले का, हे विचारायचे नाही. त्या क्षणी तुला काय माहीत होते आणि तू काय गृहीत धरलेस, हे विचारायचे. ऑनलाइन सरावाचा एक मोठा फायदा इथे होतो. प्रत्येक फोन, प्रत्येक संदेश, प्रत्येक कार्डाला दिलेला रंग वेळेसह नोंदला गेलेला असतो. सतरा नंबरच्या रुग्णाला लाल ठरवले तेव्हापासून त्याला रुग्णवाहिका मिळेपर्यंत बावीस मिनिटे का गेली, हे सगळे मिळून पाहता येते. मैदानावरच्या मॉक ड्रिलमध्ये पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात आणि उजळणीच्या वेळेपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात.

या पद्धतीच्या मर्यादाही मी लपवणार नाही. पडद्यावर रक्तस्राव दाबून धरता येत नाही. फळीवर माणूस उचलताना कंबर कशी वाकवायची, हे कार्ड शिकवत नाही. धुळीचा, किंकाळ्यांचा, भाजलेल्या कातडीच्या वासाचा अनुभव येत नाही. म्हणून ऑनलाइन सराव हा प्रत्यक्ष सरावाऐवजी नको, त्याच्या आधी हवा. पाच-सहा वेळा पडद्यावर एकत्र काम केलेला संघ एकदा मैदानात उतरला तर त्या एका दिवसाचे सोने होते. पहिल्यांदाच मैदानात आणलेला संघ सकाळभर ओळखी करून घेण्यात घालवतो. काही शिक्षक ऑनलाइन म्हणजे कोविडच्या काळातली झोपेची तासिका, असे समजतात. दोन्हींत फरक एवढाच की तिथे विद्यार्थी ऐकत होता आणि इथे त्याने बोलल्याशिवाय एकही रुग्ण हलत नाही.

आता नाशिककडे वळतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी तिथल्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मेले. त्यानंतरचा २०१५चा मेळा अशा दुर्घटनेशिवाय पार पडला. पुढचा सिंहस्थ नाशिकला २०२७मध्ये, उज्जैनला २०२८मध्ये. दोन्हींमध्ये वर्षभराचेही अंतर नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळ्या शाखा त्या एका छत्राखाली आहेत. उज्जैनमध्ये खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मेडिसिटी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे भूमिपूजन झाले आहे. या दोन गावांच्या विद्यार्थ्यांचे संयुक्त संघ आजच का बनू नयेत? २०२७मध्ये गोदाकाठी ड्युटी केलेली मुले आपल्या अनुभवावरून प्रसंग लिहितील, आणि क्षिप्राकाठची मुले २०२८च्या आधी तेच प्रसंग सोडवतील. प्रवासखर्च नाही, राहण्याची सोय करावी लागत नाही, परवानग्यांचे कागद फारसे नाहीत. दर पंधरवड्याला शनिवारची संध्याकाळ एवढेच मागणे.

शेवटी तुमच्याविषयी, म्हणजे उज्जैनच्या मराठी समाजाविषयी. या मेळ्याशी आपले नाते जुने आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि शिंद्यांच्या काळातच इथल्या सिंहस्थाला राजाश्रय मिळाला. आज महाराष्ट्रातून जे लाखो भाविक येतात, त्यांतल्या खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हिंदी जेमतेम समजते. जखमी माणूस घाबरला की तो आपल्याच भाषेत बोलतो. "दम लागतोय", "छातीत कळ मारतेय", "माझी नात कुठाय?" हे ऐकून चटकन समजणारा माणूस नियंत्रण कक्षात आणि कॅज्युअल्टीच्या दारात हवा. नातेवाईक माहिती कक्ष ही सरावातली सर्वात दुर्लक्षित भूमिका आहे. तिच्यासाठी डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. ती तुमच्या घरातला कॉमर्सचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले काका, कोणीही शिकू शकतात. आमच्या सरावात अशा माणसांसाठी जागा राखून ठेवता येते.

तेव्हा माझी विनंती नेमकी आहे. या सभागृहात ज्यांची मुले-मुली, सुना, नातवंडे वैद्यकीय, नर्सिंग, आयुर्वेद, फार्मसी किंवा फिजिओथेरपी शिकत आहेत, त्यांनी आज घरी जाऊन त्यांना विचारावे: तुमच्या कॉलेजने दुसऱ्या कॉलेजबरोबर आपत्तीचा सराव कधी घेतला आहे का? उत्तर 'नाही' असेल तर त्यांनी प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. मराठी मंडळांनी आपले सभागृह आणि इंटरनेट महिन्यातून दोन शनिवार द्यावे. प्राध्यापकांपैकी कोणाला प्रसंग लिहायचे असतील तर मी त्यांच्याबरोबर बसून लिहायला तयार आहे. कार्डे, भूमिका आणि उजळणीचे प्रश्न माझ्याकडे तयार आहेत, ते कोणीही विनामूल्य घ्यावेत. पहिल्या संघात दहा जण लागतात. नावे आज व्याख्यानानंतर दारापाशी ठेवलेल्या वहीत लिहावीत.